मल्टिव्हिटॅमिनची गोळी रोज घ्यावी का?

गेल्या पावसाळ्यात एक सूनबाई आपल्या बहात्तर वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. गुरुजी निवृत्त शिक्षक, शुद्ध शाकाहारी, बारा वर्षांपासून मधुमेही. ‘‘हल्ली बाबा फार विसरतात, अंधारात तोल जातो. वय झालंय म्हणा, पण एकदा बघून घ्या,’’ असे सूनबाई म्हणाल्या. पायांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, हे गुरुजींनी स्वतः सांगितले. घरात मल्टिव्हिटॅमिनची गोळी रोज न चुकता दिली जात होती. तपासणीत हिमोग्लोबिन उत्तम निघाले. बी-१२ मात्र अत्यंत कमी.

रोज गोळी घेऊनही असे का व्हावे?

बी-१२ हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. भाजी-भाकरीत ते जवळजवळ नसते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम आहे आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. ज्यांच्या पोटात दूध केवळ चहापुरते जाते, त्यांची शिल्लक मुळातच तोकडी असते. अन्नातील बी-१२ सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते. उतारवयात अनेकांचे आम्ल कमी होते. पॅन्टोप्रॅझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या ते आणखी घटवतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शोषणही मंदावते. गुरुजींच्या बाबतीत हे सारे एकत्र आले होते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा उघड होते.

नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनमधील बी-१२ चे प्रमाण अशी जुनी तूट भरून काढण्यास बहुधा अपुरे पडते. शिवाय त्यातील फॉलिक अ‍ॅसिडमुळे रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसू शकतो आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणजे गोळीने आजार बरा होत नाही, तो झाकला मात्र जातो.

गुरुजींना बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. तीन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, विसराळूपणाही घटला. तोल मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आज ते काठी घेऊन चालतात. वर्षभर आधी तपासणी झाली असती, तर कदाचित काठी लागली नसती.

मग ही गोळी निरुपयोगी समजावी का? तसेही नाही. अमेरिकेत पन्नाशी गाठलेल्या १४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांना सुमारे ११ वर्षे मल्टिव्हिटॅमिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन अभ्यास करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचे प्रमाण किंचित घटलेले आढळले. हृदयविकार व पक्षाघातात मात्र फरक पडला नाही. ज्यांचा आहार फारच घटला आहे, दात नसल्याने चावता येत नाही, मोठे आजारपण किंवा जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी उपयोगी पडते. जो चौरस आहार घेतो, त्याने तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

अतिरेकही टाळावा. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी ठरावीक आठवड्यांपुरती असते. बरे वाटते म्हणून ती महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम होतो आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ‘के’ जीवनसत्त्व असलेली गोळी विचारल्याविना घेऊ नये. औषधाचा परिणाम कमी होतो.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी आपण एवढे अवश्य करावे. पुढच्या भेटीत त्यांच्या साऱ्या गोळ्या, पुड्या व टॉनिके एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. शाकाहार, मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची नित्याची गोळी यांपैकी काहीही असेल, तर बी-१२ तपासावे का, हे विचारा. तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी स्वतःहून इंजेक्शन घेऊ नका. अहवाल फसवा येतो. आणि मुंग्या, जिभेची आग, जाणारा तोल, वाढता विसर यांना ‘वय झाले’ हे उत्तर देण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. वय मागे नेता येत नाही. ही तूट मात्र वेळेत भरून काढता येते.