धरणं आणि सोडणं: स्कीच्या बाइंडिंगची निवड

मुंबईच्या माहुलमध्ये बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत. इथला माणूस हिवाळ्यात स्की घेऊन गुलमर्गला निघाला की कोळीवाड्यात थट्टा ठरलेली. पण सह्याद्रीत भटकणारी मुंबईची मुलं मनालीला गिर्यारोहणाच्या कोर्सला जातात आणि त्यांतली काही सोलांगच्या उतारावर स्कीवरही उभी राहतात. मी त्यांतलाच एक. पोटापाण्याचं काम मात्र इथल्याच कारखान्यांच्या पट्ट्यात, सेफ्टी व्हॉल्व्ह खोलून, दुरुस्त करून, बेंचवर तपासण्याचं. त्यामुळे नवी स्की समोर आली की तिचा रंग, नक्षी राहते बाजूला, माझी नजर जाते तिच्या बाइंडिंगवर.

यंदा मुलुंडच्या भाच्यानं विचारलं, “मामा, पिनवालं टूरिंग बाइंडिंग घेऊ का? हातात घेतलं तर वजनच लागत नाही.” भाचा सत्तावीस वर्षांचा, ब्याऐंशी किलोचा. दिवसभर गुलमर्गच्या गोंडोला रोपवेनं वर जायचं आणि सुसाट खाली यायचं, ही त्याची पद्धत. चालत चढतो ते क्वचित, तिथल्या अफरवट डोंगराच्या धारेवरून बाजूच्या ताज्या बर्फाकडे जायचं असेल तेव्हाच. अशा माणसानं काय घ्यावं, हे जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. कारण हल्ली मुंबई-पुण्याची बरीच मंडळी स्वतःचं सामान घ्यायला लागली आहेत आणि दुकानदार आधी वजन सांगतो.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारं यंत्र. त्याला दोन उलट कामं एकाच वेळी करायची असतात. वेगात वळताना, खडबडीत बर्फावर आदळताना बूट घट्ट धरायचा. आणि पडताना पायाच्या हाडावर बेताबाहेर ताण आला की त्याच क्षणी सोडून द्यायचा. माझ्या बेंचवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं काम हेच. ठरलेल्या दाबाच्या आधी तो गळला तर प्लांट चालत नाही आणि ठरलेल्या दाबाला उघडला नाही तर प्लांट उरत नाही. दोन्हीकडे हुकूम चालतो तो स्प्रिंगचा.

असं सुटणारं बाइंडिंग पहिल्यांदा सुचलं यालमार वाम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीअरला, १९३७ साली, पाय मोडून घेतल्यावर. त्याआधी स्की पायाला पक्की बांधलेली असायची. माणूस पडला की लांबलचक फळी फिरायची आणि तिच्यासोबत नडगीही. पुढे बाइंडिंगं सुधारत गेली तसं नडगीचं हाड मोडणं खूप कमी झालं. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या इजा मात्र अजून होतात. बाइंडिंग हाड वाचवायला बनलं आहे, गुडघ्याची हमी ते देत नाही, हे भाच्याला मी पहिल्यांदा सांगितलं.

आता प्रकार बघू. पहिला प्रकार साध्या अल्पाइन बाइंडिंगचा. पुढचा तुकडा बुटाचा चवडा दोन्ही बाजूंनी पकडतो, मागचा टाच दाबून धरतो. चवडा आडवा सुटतो, टाच वर सुटते. महत्त्वाचं म्हणजे त्यात लवचीकपणा असतो. धक्का बसला की बूट काही मिलिमीटर सरकतो आणि धक्का ओसरला की स्प्रिंग त्याला परत मध्यावर आणते. प्रत्येक दणक्याला बाइंडिंग सुटत नाही ते यामुळे. पण टाच जखडलेली असल्यानं यावर चढ चढता येत नाही.

दुसरा प्रकार पिनचा. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या फ्रिट्झ बार्थेलनं तो काढला आणि पुढे डायनाफिट कंपनीनं बाजारात आणला. बुटाच्या चवड्यात दोन्ही बाजूंना पोलादी खळगे असतात, त्यांत दोन पिना बसतात आणि बूट त्या पिनांवर बिजागरीसारखा वर-खाली हलतो. टाच मोकळी, म्हणून स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवून तासन् तास चढता येतं. हलकी पिन बाइंडिंगं एका पायाला तीन-चारशे ग्रॅममध्ये येतात. अल्पाइनचा एक नग किलोच्या आसपास किंवा वर जातो. पण हलक्या पिनांत ते सरकून परत येणं फार थोडं असतं. दुपारनंतर गोठलेल्या, दगडासारख्या झालेल्या पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर, दणके थेट पायात येतात आणि बाइंडिंग नको तेव्हा सुटायची भीती राहते. शिवाय चढताना पुढचा खटका कुलूपबंद करतात. तो तसाच ठेवून खाली उतरलात तर चवडा सुटणारच नाही. कुलूप उघडायला विसरलेला सेफ्टी व्हॉल्व्ह मी कधीच पास करणार नाही.

भाच्यासारख्यांसाठी तिसरा प्रकार आहे, मिश्र. सालोमनचं शिफ्ट २०१८ साली आलं. चढताना त्याच्या पुढच्या तुकड्यातून पिना बाहेर येतात. उतरताना पिना आत जातात आणि तोच तुकडा अल्पाइनसारखा बूट पकडतो. वजन एका पायाला नऊशे ग्रॅमच्या जवळपास, स्प्रिंगचा आकडा (त्याविषयी पुढे) १३ पर्यंत. मार्करच्या ड्यूक पीटीमध्ये चढताना पुढचा जड भाग काढून पाठपिशवीत टाकता येतो. मार्करचंच किंगपिन मधल्या वाटेचं: पुढे पिना, मागे अल्पाइनसारखी टाच. त्याची टाच दमदार असली तरी चवडा पिनांवरच असतो, हे लक्षात ठेवावं. जुनी फ्रेमवाली बाइंडिंगं अजून वापरलेल्या सामानात मिळतात. त्यांत चढताना अख्खी पट्टी पायासोबत उचलावी लागते. उतरायला ठीक, चढायला हमाली.

हे सगळं गुलमर्गच्या जमिनीवर आणून बघा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. दुसरा टप्पा अफरवटवर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. म्हणजे उंची कमावायचं काम यंत्रच करतं. वर वारा सुटला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की तो टप्पा बंद राहतो, तेव्हा खालच्या झाडीत उतरायचं. दिवसाचे बहुतेक तास उतरण्यातच जाणार असतील तर किलो-अर्धा किलो वाचवून पकड गमावण्यात काय मतलब?

आता आकड्याविषयी. स्प्रिंगच्या ताणाला जर्मन मानकावरून ‘डिन’ म्हणतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीअरचा प्रकार यांवरून तक्त्यात काढतात. पहिला प्रकार जपून जाणाऱ्याचा, तिसरा आक्रमकाचा. भाचा तिसऱ्यात. त्याच्या वजनाला आकडा साधारण ८-९च्या घरात येतो. त्यामुळे १३ पर्यंतचं बाइंडिंग त्याला भरपूर. १६ किंवा १८ लिहिलेलं घेऊन मिरवायची गरज नाही. मी पन्नाशी ओलांडली, म्हणून तक्त्यानं मला एक पायरी खाली आणलं. मी मुकाट्यानं आलो.

आकडा फिरवला म्हणजे काम झालं असंही नाही. आमच्याकडे व्हॉल्व्हवर लिहिलेला दाब आणि तो खरोखर उघडतो तो दाब, हे दोन्ही जुळतात का, ते बेंचवर बघूनच सील लावतात. स्कीच्या चांगल्या दुकानात बाइंडिंग सोडवून बघायचं यंत्र असतं. तिथं तपासून घ्या. बुटाचाही हिशेब हवा. चढायचं तर बुटाला पिनांचे खळगे हवेत आणि भाड्याच्या साध्या अल्पाइन बुटांना ते नसतात. अल्पाइन, टूरिंग, ग्रिपवॉक या तळांची जाडी आणि आकार वेगवेगळे; चवड्याखालची सरकपट्टी त्या तळाच्या मापानं बसवावी लागते. ती चुकली तर आकडा बरोबर असूनही चवडा अडकतो. बाइंडिंगच्या ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे मधल्या अरुंद भागापेक्षा, किंचित जास्त ठेवा. आणि स्कीला भोकं पाडायचं काम जिगशिवाय, म्हणजे भोकांच्या साच्याशिवाय, कुणालाही करू देऊ नका, मलासुद्धा.

मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा लोखंडाला सोडत नाही. परतल्यावर स्की पुसून, कडा कोरड्या करून, त्यांना तेलाचा हात लावून माळ्यावर ठेवा. बाइंडिंगच्या आत मात्र गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं.

तेव्हा निवाडा असा. फक्त गोंडोलाच्या भरवशावर स्की करणार असाल, तर साधं अल्पाइन घ्या, त्याहून चांगलं काही नाही. दणकून उतरायचं आणि अधूनमधून चढायचं, तर मिश्र घ्या. दिवस दिवस चढणारे असाल तरच हलक्या पिना. भाच्याला मी मिश्र सांगितलं आणि वर एक अट घातली: पिस्ट सोडून बाहेर जायचं असेल तर बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सिव्हर, फावडं आणि प्रोब या तिन्ही वस्तू बाइंडिंगच्या आधी घ्यायच्या, त्या वापरायला शिकायच्या आणि एकट्यानं जायचं नाही. हिमस्खलनात कुठलंही बाइंडिंग कामाला येत नाही.