प्रौढ वयातील ‘ओव्हरबाईट’ : ओळख आणि उपचार

दात किडला की तो ठणकतो आणि माणूस मुकाट्याने दवाखान्याची वाट धरतो. दातांची ठेवण बिघडलेली असेल तर मात्र ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लहानपणी आईवडिलांपाशी पैसा नव्हता, तज्ज्ञ डॉक्टर शंभर-दीडशे किलोमीटरवर होते, आणि मोठेपणी ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणून विषय संपतो. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे. तोंडावर हात किंवा पदर धरून बोलणारे स्त्री-पुरुष आम्हाला रोज भेटतात. शाळेत ‘फावड्या’ म्हणून चिडवलेले अनेकांच्या मनातून चाळिशीतही गेलेले नसते. लग्नाच्या बैठकीत तर मुलीचे शिक्षण मागे पडते आणि दात पुढे येतात. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही या विषयाची जी सर्वमान्य माहिती आहे ती सोप्या भाषेत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ओव्हरबाईट म्हणजे काय?

आपण दाढा एकमेकींवर टेकवून तोंड मिटतो तेव्हा वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना थोडेसे झाकतात. हे झाकणे म्हणजेच ओव्हरबाईट. थोडा ओव्हरबाईट बहुतेकांना असतो आणि तो असायलाच हवा. सर्वसाधारणपणे २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकला जाणे योग्य समजतात. निम्म्याहून अधिक दात झाकला जात असेल तर त्याला ‘डीप बाईट’ म्हणजे खोल चावा म्हणतात. काहींचे खालचे दात तर पूर्णच दिसेनासे होतात.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. वरचे दात पुढे आलेले असणे ही वेगळी गोष्ट आहे, तिला ‘ओव्हरजेट’ म्हणतात. ओव्हरजेट आडवा मोजायचा आणि ओव्हरबाईट उभा. पुष्कळ लोकांत दोन्ही एकत्र असतात. परंतु काहींचे वरचे दात पुढे नसून उलट आत कललेले असतात, चेहरा दिसायला ठीक असतो आणि चावा मात्र फार खोल असतो. अमेरिकेचे डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे जे तीन वर्ग पाडले, त्यांतील दुसऱ्या वर्गाचे हेच दोन पोटप्रकार होत. ते वर्गीकरण आजही वापरात आहे.

हे का होते?

पुष्कळदा खालचा जबडा मुळातच लहान किंवा मागे असतो आणि ही ठेवण घराण्यातून येते. लहानपणी फार दिवस अंगठा चोखणे, जिभेने दात पुढे लोटणे यांमुळे वरचे दात पुढे येतात. प्रौढ वयात आणखी एक कारण जोडले जाते. दाढ किडली की ती उपटायची आणि जागा तशीच मोकळी ठेवायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. मागचा आधार गेला की शेजारचे दात कलतात, समोरची दाढ खाली उतरते आणि पुढचा चावा आणखी खोल होत जातो. झोपेत दात खाण्याच्या सवयीने दात झिजतात, तेही यात भर घालते.

घरच्या घरी कसे ओळखावे?

उजेडात आरशासमोर उभे राहावे. दाढा सहज एकमेकींवर टेकवाव्यात, हनुवटी पुढे ओढू नये. मग ओठ बाजूला करून पाहावे :

१) खालच्या पुढच्या दातांचा किती भाग दिसतो? निम्म्यापेक्षा कमी दिसत असल्यास तपासणी करावी.

२) खालचे दात वरच्या दातांमागे टाळूला टोचतात काय? तेथे व्रण किंवा खुणा आहेत काय?

३) खालच्या पुढच्या दातांची हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडली आहेत काय?

४) खालच्या दातांच्या कडा किंवा वरच्या दातांची आतली बाजू झिजली आहे काय?

५) ओठ सहज मिटतात, की प्रयत्न करून मिटावे लागतात?

यांतील दुसरे व तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. तेथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही, दात टिकण्याचा होतो. जबड्याचा सांधा वाजणे किंवा डोके दुखणे यांची कारणे अनेक असतात. तेवढ्यावरून आपणच निदान करू नये.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, ज्यांना टोचत नाही, झिजत नाही, खाताना अडचण नाही आणि मनातही खंत नाही, त्यांनी उपचार केलेच पाहिजेत असे मुळीच नाही.

वय आड येते काय?

नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर हलका पण सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. ही क्रिया आयुष्यभर चालू राहते. प्रौढ वयात ती काहीशी मंद असते, इतकेच. आमच्या भाषेत सांगायचे तर हे आवर्ती ठेवीचे खाते आहे. हप्ता लहान असतो, पण तो चुकवायचा नसतो. आणि एकदम मोठी रक्कम भरून मुदत कमी होत नाही. जास्त जोर लावला तर दातांच्या मुळांनाच इजा होते.

फरक आहे तो जबड्याच्या वाढीचा. वाढत्या वयातील मुलांना विशिष्ट उपकरणे लावून जबड्याच्या वाढीला वळण देता येते. प्रौढांत वाढ संपलेली असते, तेथे केवळ दात हलवता येतात.

उपचाराचे टप्पे

पहिला टप्पा हिरड्यांचा. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील तर आधी सफाई व हिरड्यांचा उपचार. आपल्या विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी शिरले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूची सवय गेली नाही. तिने हिरड्या खराब होतात आणि कित्येकांचे तोंडच उघडेनासे होते. तोंड उघडत नसेल तर तारा बसवणार कशा? शिवाय तोंड आखडणे हे कर्करोगाच्या धोक्याचेही लक्षण आहे, त्यासाठी वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा टप्पा मोजमापाचा. एक्स-रे, दातांचे साचे व छायाचित्रे घेतली जातात. मधुमेह किंवा हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असल्यास, तसेच गर्भारपण असल्यास, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

तिसरा टप्पा तारांचा. पुढचे दात हाडाकडे सरकवणे, मागच्या दाढा किंचित वर आणणे किंवा दोन्ही करून चावा उघडला जातो. काही वेळा हाडात बारीक स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात, तर काही वेळा उपदाढा काढाव्या लागतात. साधारण दीड ते दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तारा आवळल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. त्या दिवसांत भाकरी वरणात कुस्करून खावी. फुटाणे, ऊस, कडक सुपारी मात्र उपचार संपेपर्यंत वर्ज्य.

जबड्यांतील अंतरच फार असेल तर तारांबरोबर शस्त्रक्रिया करावी लागते. खालचा जबडा कापून पुढे आणण्याची जी पद्धत डॉ. हुगो ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्याच सुधारित रूपात हे काम आज होते. शस्त्रक्रिया मोठी आहे, खालचा ओठ बधिर राहण्याची शक्यता असते. त्यामुळे दोन ठिकाणी सल्ला घेऊनच निर्णय करावा.

चौथा टप्पा सर्वांत दुर्लक्षित. तारा निघाल्यावर ‘रिटेनर’ वापरावा लागतो. तो सोडला की दात जुन्या जागी परतू लागतात आणि दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

अलीकडे पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची जाहिरात जोरात आहे. योग्य रुग्णाला ते उपयोगी पडतात, परंतु खोल चाव्यात त्यांना मर्यादा आहेत. प्रत्यक्ष तपासणीशिवाय घरपोच मिळणारे साचे तर घेऊच नयेत. असा व्यवसाय करणारी अमेरिकेतील ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अधांतरी राहिले.

कोठे जावे?

बी.डी.एस. झालेला दंतवैद्य प्राथमिक तपासणी करतो. तारांसाठी मात्र ऑर्थोडॉन्टिक्समधील एम.डी.एस. ही पदवी असलेला तज्ज्ञ पाहावा. आठवडी बाजारात बसून दात बसवणाऱ्यांच्या हाती तोंड देऊ नये. शासकीय दंत महाविद्यालये नागपूर (स्थापना १९६८) व छत्रपती संभाजीनगर (स्थापना १९८२) येथे आहेत. तेथे खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो, मात्र थांबावे लागते. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा भागातील लोकांना संभाजीनगर सोयीचे. मलकापूर, नांदुरा, शेगावकरांना नागपूरची रेल्वे आहे. दर महिन्या-दीड महिन्याने जावे लागते, हे धरूनच ठरवावे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा येथे उपयोग होतो.

खाजगी दवाखान्यात जायचे असल्यास एकूण खर्च, हप्ते, रिटेनरचा खर्च आणि मध्येच गाव बदलले तर काय, हे सर्व आधी लिहून घ्यावे. यासाठी चढ्या व्याजाचे कर्ज काढू नये. उपचार दोन वर्षांचा आहे, पैसेही दोन वर्षांत हप्त्याने देता येतात काय, हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

वाचकहो, घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर त्याचे दात आजच दाखवून घ्या. कारण त्याचा जबडा वाढतो आहे आणि उपचार सोपा आहे. आणि आपले स्वतःचे वय पंचेचाळीस असले, तरी टाळूला दात टोचत असेल तर तो टोचतच राहील. वय झाले म्हणून तो थांबणार नाही, मग आपण तरी वयाची सबब का सांगावी?