घरचं इंटरनेट : वेग की भरवसा?

नवं कनेक्शन घेताना पहिला प्रश्न येतो, "किती एमबीपीएसचा प्लॅन देऊ?" हिशेब साधा आहे. चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ४ एमबीपीएस लागतात, टीव्हीवरच्या फोर-के सिनेमाला १५च्या आसपास. चार-पाच माणसांच्या घराला १०० एमबीपीएस पुरून उरतात. ३००चा प्लॅन घेतल्यानं कॉल जास्त स्पष्ट होत नाही.

खरा त्रास नेट ऐन वेळी बंद पडण्याचा असतो. मुलाची मुलाखत किंवा आजोबांचा डॉक्टरांशी कॉल चालू असतो आणि वीज जाते. पंखे इन्व्हर्टरवर फिरतात, पण राउटरचा प्लग त्या लाइनवर नसतो. तो तिथे घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोड द्या.

दुसरी केबल घेण्याआधी खांबाकडे बघा. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून येत असतील, तर पावसाळ्यात एक फांदी दोन्ही तोडते. त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम आणि हॉटस्पॉट बरा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक ते दीड जीबी डेटा जातो, तेवढा शिल्लक ठेवा.

मुलं परगावी असतील तर हॉटस्पॉट सुरू करायच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून राउटरजवळ चिकटवा. एखाद्या रविवारी वायफाय मुद्दाम बंद करून आई-बाबांकडूनच कॉल लावून घ्या.