साइट काढली, पण खरंच काढली का?

आपल्या मराठीची एक गंमत बघा. ‘बसस्टँडजवळ त्यानं दुकान काढलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा दुकान सुरू झालेलं असतं. ‘रस्त्यातली टपरी काढली’ म्हणतो, तेव्हा टपरी गेलेली असते. क्रियापद एकच!

वेबसाइटचंही तसंच आहे. ‘आम्ही साइट काढली’ असं कॉलेजातली पोरं कॉलर ताठ करून सांगतात, ते पहिल्या अर्थानं. दुसऱ्या अर्थानं, म्हणजे रीतसर, मागे काहीही न ठेवता, किती जणांनी साइट काढलीये? विचारून बघा. ‘हो, डिलीट मारली की!’ एवढंच उत्तर येईल.

आणि खरा घोळ तिथंच आहे.

समजा, तुम्ही तळोद्याच्या कॉलेजात शिकताय. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा असते, हे तुम्हाला सांगायला नको. सातपुड्यातल्या त्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला निघालेले कितीतरी जण तळोद्यावरूनच पुढे जातात. तुम्ही चार मित्रमैत्रिणी ठरवता, की यंदा यात्रेकरूंसाठी एक छोटी साइट काढू. वाट कशी आहे, पाणी कुठं मिळेल, मदतीला कोण आहे, त्यांचे फोन नंबर आणि येणाऱ्यांच्या नावनोंदणीचा एक फॉर्म. यात्रा संपली की साइट बंद.

चांगली कल्पना आहे. आता ती चढवायची कशी आणि उतरवायची कशी, ते बघू.

खाणावळीतली चार माणसं

प्रत्येक पान स्वतः कोड लिहून बनवायचं नसेल तर ‘कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणजेच सीएमएस वापरतात. लॉग-इन करायचं, मजकूर टाइप करायचा, फोटो टाकायचा आणि ‘प्रकाशित करा’ दाबायचं. वर्डप्रेस, जुमला, द्रुपल ही त्यातली मोठी नावं. जुमला हे नाव स्वाहिली शब्दावरून घेतलंय, पण त्याचं मूळ अरबी. म्हणजे आपण ‘एकूण जुमला’ म्हणतो, त्याच शब्दाचा तो भाऊबंद! आज जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन वर्डप्रेसवर चालतात. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि ते मराठीतही वापरता येतं.

पण वर्डप्रेस एकटं चालत नाही. खाणावळ डोळ्यासमोर आणा. लिनक्स ही जागा. अपाची हा वाढपी, तो गिऱ्हाइकाची मागणी घेतो आणि ताट आणून देतो. पीएचपी हा आचारी. मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस म्हणजे कोठी, सगळा माल तिथं. आणि वर्डप्रेस? ती आचाऱ्याच्या हातातली पाककृतींची वही.

हे चित्र लक्षात ठेवा. काढून टाकायची वेळ आली की तेच कामाला येणार आहे.

चढवणं पाच मिनिटांचं

सराव करायला पुण्या-नाशिकला जायची गरज नाही आणि सर्व्हर विकत घ्यायचीही नाही. घरात दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडला असेल तर त्यावर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर टाका. नाहीतर चालू लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स घ्या. त्यात आख्खा लिनक्स सर्व्हर एका खिडकीत चालतो आणि बिघडला तर ‘स्नॅपशॉट’वरून पुन्हा पहिल्यासारखा होतो. मोडायची भीती नसली की शिकणं पटापट होतं.

मग क्रम असा. ‘एपीटी’ या लिनक्सच्या भांडारातून अपाची, पीएचपी आणि मारियाडीबी मागवा. कोठीत वर्डप्रेससाठी वेगळा कप्पा, म्हणजे नवा डेटाबेस करा. त्या कप्प्यापुरतीच चावी असलेला एक वेगळा वापरकर्ता करा. वर्डप्रेसच्या फाइली आणून वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवा. ब्राउझर उघडा, डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड भरा. झालं! वर्डप्रेसवाले याला ‘पाच मिनिटांचं इन्स्टॉलेशन’ म्हणतात आणि हात बसला की खरंच तेवढाच वेळ लागतो.

चुका होतात त्या घाईत. फोटो चढत नाही म्हणून वैतागून कुणीतरी फोल्डरला ‘७७७’ परवानगी देऊन टाकतं. याचा अर्थ, त्या मशिनवरच्या कुणालाही तिथं काहीही लिहिता येईल. घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं आहे हे. दुसरी चूक त्याहून भारी. फाइली इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चढवायच्या आणि ‘सेटअप उद्या करू’ म्हणून झोपायचं. ते अर्धवट पान ज्याला आधी सापडेल तो सेटअप पूर्ण करून तुमच्या साइटचा मालक होऊ शकतो. सुरू केलं की संपवूनच उठायचं.

उतरवणं कुणी शिकवत नाही

यात्रा झाली. परीक्षा तोंडावर आली. साइट आता नको. तुम्ही वर्डप्रेसचं फोल्डर उडवता आणि पान दिसायचं बंद होतं. काढली साइट!

नाही काढली. तुम्ही फक्त आचाऱ्याची वही जाळली. कोठी भरलेलीच आहे. नोंदणी केलेल्या माणसांची नावं, गावं, फोन नंबर डेटाबेसमध्ये जसेच्या तसे आहेत. त्या कप्प्याची चावी असलेला वापरकर्ता अजून जिवंत आहे. ‘असू दे जवळ’ म्हणून कुणी बॅकअपची फाइल वेब सर्व्हरच्याच फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर नाव ओळखणारा कुणीही ती उतरवून घेऊ शकतो.

काही जण त्याहून वाईट करतात. साइट तशीच सोडून देतात. ना अपडेट, ना कुणाचं लक्ष. अशा बेवारस साइटच्या जुन्या प्लगिनमधल्या फटी शोधत स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. एक दिवस तुमच्या यात्रेच्या पानावर सट्ट्याच्या जाहिराती झळकतात आणि खाली नाव तुमच्या ग्रुपचं असतं.

ज्या बाईनं विश्वासानं फॉर्म भरला, तिचा नंबर तुम्ही यात्रेसाठी घेतला होता. यात्रा संपली, तुमचा त्यावरचा हक्कही संपला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. गणपती गेल्यावर मंडपवाला बांबू नेतो, पण रस्त्यातले खड्डे बुजवायचे राहिले तर पडतो दुसराच कुणीतरी.

लिनक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘एपीटी’ला ‘रिमूव्ह’ सांगितलं तर प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. ‘पर्ज’ सांगितलं तर त्याही जातात. पण तुम्ही स्वतः आणून ठेवलेल्या वर्डप्रेसच्या फाइलींना दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. त्या तुमच्या, त्यांची जबाबदारीही तुमची. आणि त्याच सर्व्हरवर कॉलेजची दुसरी साइट चालत असेल तर अपाची किंवा मारियाडीबी काढायचंच नाही. आपल्या साइटपायी शेजाऱ्याचं घर पडायचं!

काढताना हा क्रम पाळा

१. आधी बॅकअप. डेटाबेसची प्रत आणि फोटोंचं फोल्डर, दोन्ही. यात्रेचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. नोंदणीची यादी मात्र ठेवू नका.

२. बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. उघडत नसेल तर तो बॅकअपच नाही.

३. वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल वाचा. डेटाबेसचं आणि वापरकर्त्याचं नाव तिथंच मिळतं. अंदाजानं काही उडवू नका.

४. अपाचीमधून साइटची नोंद बंद करा आणि अपाची रीलोड करा.

५. डेटाबेस काढा, मग त्याचा वापरकर्ता काढा.

६. आता फाइली. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘आरएम’ला रिसायकल बिन नसतो. एक स्पेस चुकीच्या जागी पडली तर भलतंच फोल्डर जातं. एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्यानं वाचा.

७. वेळापत्रकातली कामं म्हणजे क्रॉन, एसएसएल सर्टिफिकेट आणि डीएनएसमधली नोंद काढा. सर्व्हर सोडला आणि नोंद राहिली, तर तो पत्ता पुढे ज्याला मिळेल त्याच्या मशिनकडे तुमचं नाव बोट दाखवत राहील.

‘मला जमेल का?’

पुण्याच्या आरटीकॅम्प कंपनीनं ‘ईझीइंजिन’ नावाचं खुलं टूल बनवलंय. एका आज्ञेत वर्डप्रेसची साइट उभी राहते, दुसऱ्या आज्ञेत जाते. जरूर वापरा. पण आधी दोन-तीनदा सगळं हातानं करा, म्हणजे ते टूल आत काय करतंय ते कळेल आणि अडलं तर कुठं बघायचं तेही.

१९९१मध्ये लिनक्स जगासमोर आणणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकत होता, वय २१. बी-टू नावाच्या एका जुन्या प्रोग्रॅमचं काम थांबलं, तेव्हा त्याच्या दोन वापरकर्त्यांनी तो पुढे न्यायचं ठरवलं. एक अमेरिकेतला मॅट मुलनवेग, दुसरा इंग्लंडमधला माइक लिटल. २७ मे २००३ला त्यातून वर्डप्रेस आलं. मॅट तेव्हा १९ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा.

तेव्हा या रविवारी एवढं करा. जुना लॅपटॉप काढा (पहिल्या अर्थानं!), त्यावर साइट चढवा आणि रात्री झोपण्यापूर्वी ती पूर्ण उतरवा. मग डेटाबेसची यादी बघा, वापरकर्त्यांची यादी बघा, फोल्डर बघा. कुठंच काही शिल्लक नसेल, तरच सोमवारी कॉलेजात सांगा,

‘आम्ही साइट काढली!’