कुलधरा: एका रात्रीत उठलेलं गाव?

जैसलमेरला गेलात की गाडीवाला कुलधऱ्याला नेतोच, आणि वाटेत भुतांच्या गोष्टीही सांगतो. आम्हालाही रंगवून रंगवून ऐकवल्या!

दंतकथा अशी: जैसलमेरच्या दिवाण सालिमसिंगची नजर गावातल्या मुलीवर पडली. मग कुलधऱ्यासह पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावं एका रात्रीत उठली, जाताना शाप देऊन गेली.

सालिमसिंग मात्र खराच. जैसलमेरात त्याची हवेली आजही उभी आहे. पालीवालांवरच्या त्याच्या जुलमाबद्दल ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉडनेही लिहून ठेवलंय. त्यात विहिरी आटत गेल्या. १९व्या शतकात वस्ती हळूहळू घटत गेली, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींनी भूकंपाचीही शक्यता मांडलीय.

मला विचाराल तर भुतांपेक्षा पालीवालांची ‘खडीन’ भारी! उताराला आडवा, लांबलचक मातीचा बांध घालायचा आणि पावसाचं वाहून येणारं पाणी अडवायचं. पाणी मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. थरच्या वाळवंटात, बरं का!

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. छपरं गेलेल्या घरांमधून निवांत फिरा. पडक्या भिंतींवर चढून सेल्फी तेवढ्या काढू नका.

खडीनबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.