पळस्प्याची तालीम

पळस्पे फाटा मुंबईकरांना ठाऊक असतो तो वाहतूक कोंडीसाठी. पनवेल सोडलं की जुना पुणे रस्ता सरळ जातो, गोव्याचा रस्ता उजवीकडे वळतो, आणि गणपतीच्या आधीच्या रात्री अख्खं कोकण इथं अडकून पडतं. भारतीय वाद्यांमधलं बहुधा सगळ्यात सावकाश बोलणारं वाद्य, म्हणजे रुद्रवीणा, शिकवणारं गुरुकुल याच पळस्प्याला आहे. पनवेलच्या नाट्यगृहात नाटकाला नेमानं जाणाऱ्या अनेकांनाही हे नवीन असतं.

गुरुकुल उभं केलं उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी. जन्म १९२९चा. वडील झियाउद्दीन खाँ उदयपूर दरबारात होते. संस्थानं गेली, दरबार गेले, आणि हा वीणावादक मुंबईत, चेंबूरला येऊन राहिला. वीणेचा आवाज मुळात बारीक. दरबारातल्या दहा-वीस कानांसाठी तो पुरेसा होता, सभागृहासाठी नव्हता. मोहिउद्दीन खाँसाहेबांनी कोलकात्याच्या कारागिरांकडून वीणाच बदलून घेतली. तुंबे मोठे, दांडी जाड, तारा जाड. मिजराफ, म्हणजे बोटावरची नखी, न लावता ते नुसत्या बोटांनी वाजवत. त्यामुळे आघात मऊ झाला आणि नाद लांबला. एक स्वर छेडला की तार ओढून पुढचे कितीतरी स्वर त्याच आघातात काढता येऊ लागले.

या माणसाचं वादन थोर होतंच, पण मला त्यांच्या शिष्यांची यादी जास्त विचार करायला लावते. वीणावादकाच्या हाताखाली ऋत्विक सान्याल गायक म्हणून तयार झाले आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले. फिलिप ब्रुगिएर वीणा शिकले आणि पॅरिसच्या संगीत संग्रहालयात वाद्यांचे अभ्यासक झाले. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल ध्रुपद, म्हणजे या घराण्याची गायकी, शिकले, डागर बंधूंवर त्यांनी ‘ध्रुपद’ हा चित्रपट केला, आणि नंतर स्वतःही ध्रुपद शिकवलं. मुलगा बहाउद्दीन आज पळस्प्याला वीणा शिकवतात. धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर गायक. मध्य प्रदेश सरकारनं १९८१ साली भोपाळला ध्रुपद केंद्र काढलं आणि तिथं त्यांना गुरू म्हणून नेलं. त्यांच्या हाताखालून उदय भवाळकर निघाले. ते पुण्यात शिकवतात. गुंदेचा बंधू निघाले, त्यांनी भोपाळलाच स्वतःची संस्था काढली. एवढ्या थोड्या शिष्यांमधून इतके शिक्षक निघालेलं घराणं मला दुसरं चटकन आठवत नाही.

आता पनवेलहून हार्बरच्या गाडीत बसून वाशीला उतरा. तिथं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं संकुल आहे. महाराष्ट्रात गाण्याचा किंवा तबल्याचा क्लास काढणाऱ्या असंख्य शिक्षकांची पात्रता याच मंडळाच्या प्रमाणपत्रावर उभी असते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ही शिडी. पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, खारघर असं शहर वाढत गेलं तसे क्लासही वाढले. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा उत्साहही वाढला. विशारद झालेली मुलगी सोसायटीतल्या मुलांना जमवून शिकवायला लागते. ती गाते चांगलं. यमन कसा मांडायचा ते तिला येतं. पण समोरचं आठ वर्षांचं पोर सतत अर्धा स्वर खाली लागतंय, त्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. मग ती पेटी जोरात वाजवते. पोर पेटीमागे लपतं, आणि तीन वर्षांनी प्रवेशिकेला बसतं.

गंमत अशी, की या मंडळाचं मूळ शिक्षक घडवण्यातच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली मुंबईत आणलं. नुसती शाळा काढून भागणार नाही, शाळा चालवणारी माणसं हवीत, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. म्हणून त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ सुरू केला. निवडक मुलं विद्यालयातच राहत. जेवण, राहणं, शिक्षण मोफत, आणि त्या बदल्यात बरीच वर्षं विद्यालयाला बांधलेली. थोरल्या मुलांनी धाकट्यांचे वर्ग घ्यायचे आणि पलुस्करबुवांनी लक्ष ठेवायचं. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही सगळी बुवांच्या विद्यालयाची मुलं. विनायकरावांनी १९३२ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. देवधरांची मुंबईतली शाळा त्याआधीच सुरू झाली होती. ओंकारनाथ बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पुढे पळस्प्याच्या खाँसाहेबांचे शिष्य सान्याल त्याच विद्यापीठात शिकवायला गेले. लाहोरची वाट आणि पळस्प्याची वाट अशी बनारसला एकमेकींना भेटली.

कर्जापायी मुंबईतली इमारत लिलावात गेली, आणि बुवांच्या निधनानंतर १९३१ साली शिष्यांनी मंडळ स्थापलं. मंडळानं परीक्षा घेतल्या, अभ्यासक्रम बांधले, खेड्यापाड्यांत गाणं नेलं. हे काम फार मोठं आहे आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. पण परीक्षा देशभर पसरली, तसा उपदेशक वर्ग पसरला नाही. राहून शिकणं आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली शिकवणं परीक्षा केंद्रात मावत नाही.

मग इतके शिक्षक देणाऱ्या पळस्प्याच्या परंपरेत नेमकं काय घडत असेल? माझ्या मते उत्तर तालमीच्या पद्धतीत आहे. ध्रुपदाचा मोठा भाग म्हणजे आलाप, आणि आलापात पाठ करण्यासारखं फार थोडं असतं. पहाटे खरज भरायचा, म्हणजे मंद्रातल्या खालच्या स्वरांवर आवाज ठेवायचा. मग तानपुरा जुळवायचा. तो कितीतरी दिवस चुकीचाच जुळतो. मग गुरू सा पासून एक वाक्यांश म्हणतात, शिष्य म्हणतो. निषादावर काय केलं तर राग टिकेल, धैवत किती चढवायचा, किती वेळ थांबायचं, हे सगळं तिथल्या तिथं. वीणा शिकायला आलेल्यालाही आधी गळ्यानं म्हणावं लागतं. बोटांनी मींड काढायची, तर ती आधी कानात आणि गळ्यात हवी. म्हणूनच वीणेचे उस्ताद गायक घडवू शकले. ज्याला स्वराचा दोष कुठे आहे ते सांगता येतं, त्याला समोर गळा आहे की तार, यानं फारसा फरक पडत नाही.

शिवाय तालीम एकट्याची नसते. एकाला शिकवताना दुसरे बसून ऐकतात. मी चुकलो तर मला कळतं ते माझ्या चुकीपुरतं. शेजारचा चुकला आणि गुरूंनी तो कसा सावरला, हे ऐकलं तर मला शिकवणं कळतं. एकच दोष एकाला चार वेळा म्हणून दाखवून जातो, दुसऱ्याला गप्प बसवून जातो. असं वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस आपोआप शिक्षक होतो. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाच्या स्वतंत्र क्लासला येऊन अलंकार झालेल्याला हे ऐकायलाच मिळत नाही.

गुरुकुलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुरूच्या घरी राहणं म्हणजे जेवणापासून भविष्यापर्यंत सगळं एका माणसाच्या मर्जीवर. अलीकडच्या वर्षांत देशातल्या निवासी संगीत संस्थांमधून छळाच्या तक्रारी उघडपणे पुढे आल्या, आणि तक्रार ऐकायला संस्थेबाहेरचं कुणी नसणं ही जुनी पद्धत आता चालणार नाही. शिवाय खर्च आहे. भोपाळला सरकारनं शिष्यवृत्ती दिली म्हणून साधारण घरातली मुलं चार-चार वर्षं नुसता आलाप करू शकली. पनवेलमध्ये एका खोलीचं भाडं भरून कुणी तसं करायला निघालं, तर घरचे दुसऱ्याच महिन्यात विचारतील, नोकरीचं काय?

नोकरीचं फारसं काही नाही, हे खरं उत्तर. शिक्षण हक्क कायद्यानं शंभराहून जास्त मुलांच्या उच्च प्राथमिक शाळांना कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे, अर्धवेळच. चित्रकलेच्या शिक्षकासाठी ए.टी.डी. ही पदविका महाराष्ट्रात वर्षानुवर्षं रुळलेली आहे. तीत मुलांना शिकवण्याचे पाठ घ्यावे लागतात. संगीताच्या शिक्षकाला तेवढी रुळलेली वाट नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांतून पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम मिळतात, पुण्याच्या ललित कला केंद्रानं तर गुरूकडे बसून शिकण्यालाही पदवीत जागा दिली. पण तिथूनही बाहेर पडतो तो कलाकार. शिकवायला तो क्लास काढल्यावर शिकतो, पहिल्या तुकडीच्या जिवावर.

झिया मोहिउद्दीन डागर १९९० साली गेले. फरिदुद्दीन अखेरच्या काळात पनवेल परिसरातच होते. २०१२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, सरकारनं ज्येष्ठतेचा मान राखला नाही म्हणून ती त्यांनी नाकारली. त्याच यादीत त्यांच्या शिष्यांचं, गुंदेचा बंधूंचं, नाव होतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात फरिदुद्दीन गेले.

वाशी आणि पळस्प्यामध्ये हार्बरची दहा स्थानकं आणि एक रिक्षा एवढंच अंतर आहे. विशारदच्या परीक्षेत आज विद्यार्थी राग मांडतो आणि लेखी उत्तरं लिहितो. त्यात एका प्रात्यक्षिकाची भर घालायला फार खर्च येणार नाही. परीक्षकांसमोर एक अगदी नवखं मूल बसवावं, पेटी बंद ठेवावी, तानपुरा सुरू करावा, आणि उमेदवाराला सांगावं, वीस मिनिटांत याचा सा लावून दाखव.