विश्लेषण : सुपरकॉम्प्युटरवरची फाइल लॅपटॉपवर आणणारा ‘बोगदा’

पुण्यातील आयसरमध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ बसवण्यात आला. अशा यंत्रांवर संशोधकांची मोठमोठी आकडेमोड चालते. पण निकालाच्या फाइल शेवटी स्वतःच्या लॅपटॉपवर आणाव्या लागतात आणि नवखे विद्यार्थी इथेच अडतात. वेळही हाताशी नसतो, कारण अनेक केंद्रांत ‘स्क्रॅच’ डिस्कवरील जुन्या फाइल ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.

थेट डाउनलोड का होत नाही?

क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक संगणक. ते सहसा इंटरनेटवर उघडे ठेवत नाहीत. बाहेरून पोहोचता येते ते फक्त गेटवेपर्यंत. त्यामुळे बरेच जण फाइल आधी गेटवेवर आणि तिथून लॅपटॉपवर कॉपी करतात. यात काम दोनदा होते. शिवाय गेटवेची लहानशी डिस्क भरली की इतरांचेही काम खोळंबते, ते वेगळेच.

मग बोगदा काय करतो?

हे काम ‘एसएसएच’चे. नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात असल्याचे पाहून फिनलंडचे तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते तयार केले. यात लॅपटॉप गेटवेमार्गे थेट क्लस्टरशी बोलतो. गेटवे फक्त कुलूपबंद डेटा पुढे ढकलतो, त्याला तो वाचता येत नाही आणि फाइल तिथे साठतही नाही. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘प्रॉक्सीजंप’ची एक ओळ लिहून ठेवली की पुढे कॉपीची साधी कमांड पुरते.

मध्येच नेट गेले तर?

५० जीबीची फाइल ४० एमबीपीएसच्या जोडणीवर यायला पावणेतीन तास लागतात. इतक्या वेळात वायफाय एकदा तरी दगा देणारच! ‘एससीपी’ने कॉपी करत असाल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा ‘आरसिंक’ वापरा आणि ‘पार्शल’ हा पर्याय आठवणीने द्या. तो नसेल तर अर्धवट आलेली फाइल आरसिंक स्वतःच काढून टाकते.

‘येस’ दाबण्याआधी थांबा

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचे ‘फिंगरप्रिंट’ दाखवून होकार मागितला जातो. बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टाइप करतात. खरा धोका इथे आहे. समोरचा सर्व्हर तोतया असेल, तर कितीही मजबूत बोगदा तुम्हाला थेट त्याच्याच दारात नेतो. म्हणून केंद्राने दिलेल्या फिंगरप्रिंटशी ते ताडून पाहा. पुढे कधी ‘ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर जुनी नोंद पुसून मोकळे होऊ नका. सर्व्हर नव्याने बसवला असेलही, पण ते सिस्टीम अॅडमिनला फोन करून विचारा.

फाइल उतरल्यावर दोन्हीकडे ‘शा-२५६’ चेकसम काढा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तरच क्लस्टरवरची मूळ प्रत पुसा.